छत्रीवाली थांबली नाही

९ जानेवारी

चि. भुंग्यास,

आशीर्वाद नंतर. आधी तुझं सदर.

हे पत्र मुद्दाम हाताने लिहून पोस्टात टाकते आहे. फोनवर टाइप करायला बसलं की एकेक अक्षर शोधताना माझा राग निम्मा होतो, आणि मला तो सगळाच्या सगळा तुझ्यापर्यंत पोचवायचा आहे.

सदराचं नाव 'अडगळीतले गेम'. वर्षाअखेरीस त्यात यादी छापलीस, 'दुर्लक्षित दहा'. आणि पहिला गेम कुठला? ज्याचे तीन भाग निघाले, ज्याच्या नायकाचं तोंड छापलेले टी-शर्ट घालून आमच्या इमारतीतली निम्मी पोरं हिंडतात, तो. हा दुर्लक्षित? मग समोरची पाण्याची टाकीसुद्धा दुर्लक्षितच म्हणायची, कारण तिच्याकडे मान वर करून कोणी बघत नाही. दुसरा गेम तसाच. तिसऱ्यावर तर तूच दोन वर्षांपूर्वी चार पानं लिहिली होतीस. स्वतः लिहायचं आणि स्वतःच म्हणायचं, अरेरे, कोणी लिहीत नाही.

तुझी आत्या निवृत्तीनंतर गेम खेळायला लागली म्हणून तू हसला होतास, ते मी विसरलेले नाही. पण आता ऐक. 'हरवलं-सापडलं' नावाचा एक गेम आहे. मोठ्या स्टेशनातली एक खिडकी, खिडकीमागे आपण, आणि आपल्या मागे फळ्यांवर लोक विसरून गेलेल्या वस्तू. माणूस येतो आणि म्हणतो, माझं काहीतरी राहिलंय, निळसर होतं, आत खुळखुळायचं. आपण ते शोधून द्यायचं. बंदुका नाहीत, उड्या नाहीत. पण त्यातली माणसं कशी आहेत ते मी सांगणार नाही. तू खेळ आणि बघ. या गेमबद्दल कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही. दुर्लक्षित म्हणतात ते याला.

आमचं ठीक. तुझ्या काकांचा उजवा हात अजून जरा आखडतो. तेही खेळतात.

आत्या

२० जानेवारी

प्रिय आत्या,

सा. न.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. संपादकांनी पाकिटावरचं अक्षर बघून विचारलं, वकिलाची नोटीस आहे का? म्हटलं, त्याहून वाईट, आत्या आहे.

तू म्हणतेस ते खोटं नाही. पण संपादकांचं म्हणणं, वाचकाने निदान एका गेमचं नाव ऐकलेलं असलं पाहिजे, नाहीतर तो पान उलटतो. म्हणून वर गाजलेला ठेवायचा आणि खाली आपल्याला हवे ते सरकवायचे. दुकानात पुढे मांडलेला माल वेगळा असतो तसं समज.

तुझा गेम शोधला. गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर खरोखरच एकही अभिप्राय नाही. बनवणारी कोणी एकटीच बाई दिसते. मार्चच्या अंकात घेतो, शब्द दिला. मात्र आमचा नियम तुला माहीत आहे, प्रत्येक गेमचा एक गुण आणि एक खोट. खोट लिहावीच लागते, नाहीतर वाचकांना वाटतं ओळखीपाळखीचं छापलंय. आणि हा तर सख्ख्या आत्याने सुचवलेला. म्हणजे खोट जरा ठसठशीतच हवी.

काकांचा हात आखडतो म्हणजे काय? व्यायाम चालू आहेत ना? एकदा येऊन जाईन म्हणतोय, पण अंकाची गडबड संपतच नाही.

तुझा,
भुंग्या

२ फेब्रुवारी

भुंग्या,

खोट काढ, माझी हरकत नाही. जगात बिनखोटीचं काही नसतं, तुझ्याकडे बघून ते मला फार पूर्वीच कळलंय. फक्त नीट खेळ. घाई करू नकोस. याहून जास्त सांगणार नाही. मागे त्या बेटावरच्या गेमचा शेवट मी बोलून गेले तर तू दोन महिने अबोला धरला होतास. शेवट सांगणाऱ्याला पाप लागतं, असं तूच तुझ्या सदरात लिहितोस.

आत्ता येऊ नकोस. घर आवरलेलं नाही.

आत्या

५ मार्च

प्रिय आत्या,

दिलेला शब्द पाळला. कात्रण सोबत आहे, पण तुझ्या चष्म्याच्या भरवशावर न राहता इथेच उतरवून देतो:

"हरवलं-सापडलं. गुण: फळ्यांवरची प्रत्येक वस्तू इतक्या मायेने काढली आहे की आपलंही काहीतरी तिथे सापडेल असं वाटत राहतं. खोट: इथे कोणालाच घाई नाही. गिऱ्हाईक खिडकीशी कितीही वेळ उभं राहतं, ना तक्रार, ना निघून जाणं. हरण्याची भीतीच नसेल तर खेळायचं कशासाठी? कोपऱ्यात एक घड्याळ टिकटिकत असतं, तर या खिडकीत जीव आला असता."

घड्याळाचं वाक्य संपादकांना फार आवडलं. मी गेम दीड तासात एका बैठकीत संपवला, म्हणजे बघ किती रमलो. आणि गंमत म्हणजे लोक खरंच विकत घेताहेत. दुकानाच्या पानावर भराभर अभिप्राय पडताहेत. आता तरी माझ्यावर खूश हो.

काकांना सांग, त्यांच्या गेमचं नाव झालं.

भुंग्या

११ एप्रिल

भुंग्या,

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत केलीस आमची.

दीड तासात संपवलास आणि वर सांगतोस रमलो म्हणून. काकांनी तुला गाडी शिकवली तेव्हाही असाच होतास. क्लच सोडायची घाई, आरशात बघायचा कंटाळा. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारातल्या खांबाला रिव्हर्स घेताना चार वेळा ठोकलंस. तो माणूस एकदाही ओरडला नाही. शेजारच्या सीटवर बसून राहायचा, तुझं तुला जमेपर्यंत.

आता तुला नीट सांगते, कारण न सांगून काय झालं ते दिसलंच. हात आखडतो असं लिहिलं ते मी खोटं लिहिलं. त्यांची उजवी बाजू गेली आहे, मागच्या वर्षीच. आणि बोलणं गेलं. म्हणजे शब्द डोक्यात असतो, सगळं समजतं, पण तोंडापर्यंत यायला फार वेळ लागतो. औषधाच्या दुकानातला, बँकेतली मुलगी, इमारतीतले शेजारी, कोणीच तेवढं थांबत नाही. यांनी पहिलं अक्षर काढलं की समोरचा वाक्य पुरं करून मोकळा होतो. नाहीतर "राहू दे, राहू दे" म्हणतो. लोक येऊन चुकचुकतात ते यांना खपत नाही, म्हणून मी कोणालाच कळवलं नाही. तुलाही नाही.

एका हाताने खेळता येईल असं काहीतरी मी शोधत होते, तेव्हा ही खिडकी सापडली. डाव्या हाताने ते फळीवरची एक वस्तू उचलून खिडकीत ठेवायला इतका वेळ घेतात की मला बघवायचं नाही. आणि मग आमच्या लक्षात आलं. आपण वेळ लावला की समोरची माणसं बोलायला लागतात. पिशवी खाली ठेवतात, बाकावर बसतात, घरचं सांगतात. जेवढा उशीर, तेवढं जास्त. एक छत्रीवाली आहे. काळी छत्री मागते. फळीवर सगळ्या काळ्याच छत्र्या, त्यामुळे हे तिच्यापाशी महिनोन्महिने अडकले होते. रोज ती येऊन आपल्या बहिणीची गोष्ट थोडी पुढे सांगायची. ती बोलायला लागली की हे मला हाताने खुणावायचे, ऐक. गेम म्हणजे तेच आहे, गाढवा. बाकी वस्तू शोधणं वगैरे निमित्त. तुझ्या हाताला विजेची चपळाई, म्हणून तुला कोणी चकार शब्द सांगितला नाही. तुला वाटलं, गेम मुका आहे.

मागच्या आठवड्यात गेम आपोआप नवा झाला. कोपऱ्यात घड्याळ. छत्रीवाली आली, छत्री मागितली, यांनी हात पुढे नेला, घड्याळ वाजलं. ती म्हणाली, "राहू दे, तुमच्याने व्हायचं नाही," आणि निघून गेली. नेमकं हेच वाक्य. यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तीन-चारदा. मग खेळायचं बटणांचं यंत्र त्यांनी पलंगावर पालथं ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हापासून हात लावलेला नाही. बोलण्याचे व्यायाम घ्यायला बाई येतात, त्यांच्यासमोरही तोंड उघडत नाहीत. आलेले शब्दसुद्धा काढत नाहीत.

तुझ्या सदराला खोट हवी होती म्हणून उचलली जीभ लावली टाळ्याला. आता मला तो जुना गेम परत आणून दे. कसा ते तुझं तू बघ.

आत्या

१८ एप्रिल

आत्या,

पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो होतो. खोट ऐन वेळी सुचेना, म्हणून घड्याळाचं वाक्य घातलं. पाच मिनिटांचं काम होतं.

पण आता मीही चिडलोय, ते सांगतो. काकांना असं झालं आणि तू मला हात आखडतो म्हणून कळवतेस? मला गाडी त्यांनी शिकवली ना? मग मला का नाही बोलावलंस? गेमचंही तेच. हळू खेळ, तर माणसं बोलतात, एवढं एक वाक्य लिहिलं असतंस तर मी घड्याळाचं नावसुद्धा काढलं नसतं. सगळं लपवून ठेवायचं आणि मग म्हणायचं, तुला दिसलं कसं नाही. मी काय मनकवडा आहे?

जुना गेम माझ्या हातात नाही. जुन्याच्या जागी नवा बसतो, दुकानात जुना मिळत नाही. बनवणारीला सगळं सविस्तर लिहिलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, आत्याबाईंचा पत्ता द्या. दिला आहे. तिची भाषा जरा तिखट वाटली, तयारीत राहा.

मी या रविवारी येऊ का?

भुंग्या

२७ एप्रिल

आत्याबाई,

तुमच्या भाच्याच्या मेलमध्ये तुमचं नाव एवढंच आहे, म्हणून तेच लिहिते.

मी छपाईच्या दुकानात काउंटरवर काम करते. लग्नपत्रिका, प्रबंध, दुकानांच्या पाट्या. सकाळी शटर उघडल्यापासून समोर जो येतो त्याला आत्ता हवं असतं. तिथे उभं राहून राहून मला एक अशी खिडकी बनवावीशी वाटली, जिथे माणसं थांबतील. दुकान सांभाळून चार वर्षं त्यात घातली. छत्रीवालीचं बोलणं मी स्वतः लिहिलं, स्वतःच्या आवाजात भरलं. मग गेम विकायला ठेवला. दोन वर्षं कोणी ढुंकून बघितलं नाही. बरं-वाईट राहू द्या, कोणी शिवी द्यायलाही आलं नाही.

कोण किती वेळ खेळतं ते मला माझ्याकडे दिसतं. गेल्या वर्षापासून एक जण रोज खेळत होता. एकच. पण इतका सावकाश, की मला वाटायचं कोणीतरी गेम चालू करून झोपी जातं. मी तो धरतच नव्हते. तुमच्या भाच्याची मेल वाचली तेव्हा कळलं, ते तुम्ही होतात.

आता मला सांगा, तुम्ही मला एक ओळ का नाही लिहिलीत? खरेदीच्या पानावर खाली चौकट असते, त्यात दोन शब्द लिहिता येतात. भाच्याला पानंच्या पानं रागावून लिहिलीत की हा गेम कोणाला दिसत नाही. तुम्हाला दिसत होता ना? मग ज्या बाईने तो बनवला तिला ते कोण सांगणार होतं? चार वर्षांच्या कामावर छापून आलेले पहिले शब्द तुमच्या भाच्याचे. ते कात्रण मी काउंटरच्या काचेखाली लावलंय. त्यात लिहिलं होतं घड्याळ हवं. मी घड्याळ घातलं. सुट्टी टाकून घातलं. मला वाटलं, चला, निदान चूक कुठे आहे ते तरी कळलं.

आता लोक खेळतात. घड्याळ आवडतं म्हणतात. आणि आता तुम्ही म्हणता, काढा. वरातीमागून घोडं.

आणखी एक. लोक मेलमध्ये काय वाटेल ते लिहितात, माझा कोणावर विश्वास उरलेला नाही. खरंच ऐकलं असेल तर सांगा, छत्रीवाली दर आठवड्याला गाडीने कुठे जाते? हे मला माहीत आहे आणि जो थांबला असेल त्याला.

– खिडकीवाली

४ मे

खिडकीवाल्या बाई,

ती बहिणीच्या गावाला जाते आणि उतरत नाही. गाडीच्या दारात उभी राहून फलाटावर बहीण दिसते का बघते आणि त्याच गाडीने परत येते. शाळेत दोघी एका छत्रीतून जायच्या. भांडण घरावरून झालं, पण दोघींनाही आता घर नको आहे. एकदा बहीण फलाटावर दिसली, इथपर्यंत तिने सांगितलं होतं. पुढे सांगणार, तेवढ्यात तुमचं घड्याळ आलं.

तुमचा राग खरा आहे. गेम बनवणारं कोणी माणूस असतं आणि त्याला कोणीतरी बरं म्हटलेलं हवं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर मी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारले. "चला, पुढचे." आत डॉक्टर काय करतात ते बघायला मी कधी थांबले नाही. तुमच्या चौकटीत दोन शब्द लिहायला हवे होते. नाही लिहिले.

पण माझाही राग तुम्हाला घ्यावा लागेल. चार वर्षं खपून केलेली गोष्ट तुम्ही माझ्या गाढव भाच्याच्या एका वाक्यावर मोडलीत? त्याला रिव्हर्स घेता येत नव्हता तीन महिने. त्याच्या म्हणण्यावर तुम्ही छत्रीवालीला उठवून लावलंत? स्वतःच्या आवाजात तिला बोलायला लावलंत ना? मग ती किती बोलते ते तुमच्याहून कोणाला ठाऊक असणार होतं? कोणी वाचलं नाही म्हणून कोणी पुस्तकातली पानं फाडतं का? मला तुमची फार चीड आली आहे आणि तुमच्यासाठी वाईटही वाटतं आहे. दोन्ही एकदम होतं कधीकधी.

खालची ओळ यांची आहे. तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा भिंतीकडचं तोंड वळवलं आणि कागद मागितला. डाव्या हाताने लिहिली आहे. अक्षर लागेल तुम्हाला.

ती उतरली का

७ जून

चि. भुंग्यास,

अंक मिळाला. खोटीच्या जागी "दीड तासात संपवला, म्हणजे मी हा गेम खेळलोच नाही" असं छापलंस ते वाचलं. संपादकाने मुंगीएवढ्या टाइपात टाकलंय, पण टाकलंय. गेमच्या दुकानाच्या पानावर दोघांनी लिहिलंय की आता परत, सावकाश खेळतो आहोत. मीही तिथे माझे दोन शब्द टाकले. दोन कसले, चांगला परिच्छेद झाला.

खिडकीवालीचं पत्र काही आलं नाही. गेम मात्र परवा पुन्हा आपोआप नवा झाला. मी आधी धसकले. सुरुवातीलाच एक पाटी येते, "घाई आहे का?" खाली दोन बटणं, आहे आणि नाही. यांनी डाव्या हाताने "नाही" दाबलं. घड्याळ गेलं.

छत्रीवाली आली. पिशवी खाली ठेवली, बाकावर बसली. हे छत्र्यांच्या फळीपाशी जाऊन मुद्दाम रेंगाळले. मग ती बोलायला लागली. पुढचं मी तुला सांगणार आहे, सगळं. अबोला धरायचा तर धर.

ती उतरली. बहीण तिथेच होती. दोघी फलाटावर बसल्या, पाऊस थांबल्यावर उठल्या. मग छत्रीवाली म्हणाली, "छत्री हरवलेली नाही हो. मीच तेव्हा तिच्याकडे ठेवून आले, परत जायला निमित्त असावं म्हणून. इथे मी नुसती बसायला येते. तुम्ही घाई करत नाही."

मी यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "म… मला…" आणि अडकले. पुढचं मला दिसत होतं. "मला माहीत होतं," असं त्यांना म्हणायचं असणार. ओठांवर आलं होतं माझ्या. म्हणजे काय, वर्षभर हेच करते आहे मी, औषधवाल्याला नावं ठेवते आणि घरात स्वतः तेच. त्या दिवशी मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि गप्प बसले. बाहेर कोणीतरी बेल वाजवली, उठले नाही. किती वेळ गेला कोण जाणे. त्यांचा चेहरा लाल झाला, मान हलली, आणि मग आलं.

"मला… नव्हतं… वाटलं."

बरोबर उलट. मी पुरं केलं असतं तर ते मान डोलावून गप्प राहिले असते, आणि मी समजून बसले असते की मला कळलं. वर्षभरात अशी किती वाक्यं मी चुकीची पुरी केली असतील, ते आता कसं काढायचं? विचारलं त्यांना. हसले नुसते.

तू ये. रविवारी ये, राहायला ये. घर आवरलेलं नसेल. दारात फोन बंद करायचा. ते बोलायला लागले की मध्ये एक शब्द काढायचा नाहीस, मदत म्हणूनसुद्धा. काढलास तर त्या खांबाची गोष्ट मी तुझ्या संपादकांना लिहून पाठवीन, हाताने, पोस्टाने.

आत्या